ओंजळीनंतरची दहा वर्षे

तरुणांनी मेणबत्त्या पेटवल्या, तोंडाला काळ्या पट्ट्या बांधल्या की ‘हे सगळं नाटक’ असा शेरा ठरलेला. तिकडे मोर्चातली पोरे पेपरात फोटो झळकताच सरकार हादरले असे समजून घरी जातात. महाडचा इतिहास दोघांनीही अर्धाच वाचलेला दिसतो.

नाटक म्हणणाऱ्यांनी आधी सांगावे, 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर काय घडले? अस्पृश्य ठरवलेली माणसे ओंजळभर पाणी प्यायली. तहान भागवायला कुणी गेले नव्हते. त्यासाठी भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेच्या जुळवाजुळवीत पुढे असलेले रामचंद्र बाबाजी मोरे तेव्हा अवघे चोवीस वर्षांचे, नेतृत्व करणारे आंबेडकर पस्तिशीतले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 मध्ये मंजूर केला होता. त्याला धरून महाड नगरपालिकेनेही 1924 मध्ये ठराव केला. तळे कागदावर खुले, काठावर बंद! ही लबाडी त्या ओंजळीने चव्हाट्यावर आणली. अर्जविनंत्यांना ते जमले नसते.

पण पुढे काय झाले? परिषदेला आलेल्यांना त्याच दिवशी मारहाण झाली. तळ्यात शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून ‘शुद्धी’ उरकण्यात आली. ऑगस्टमध्ये तर नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. म्हणजे मार्चमध्ये हाती असलेला कागदही गेला. डिसेंबरात हजारो सत्याग्रही पुन्हा जमले, तोवर कोर्टाचा मनाई हुकूम येऊन पडला होता. तुरुंगात जायला अनेक जण तयार होते. 25 तारखेला मनुस्मृती जाळली गेली. तळ्यावर जाणे मात्र आंबेडकरांनी लांबणीवर टाकले.

हा निर्णय भित्रा नव्हता. त्यानंतर कोर्टात सुरू झाले ते दप्तर, साक्षी आणि तारखा. या कामाची गाणी कुणी रचत नाही. तळे खासगी आणि मनाईची वहिवाट अनादी, असा सवर्ण वादींचा दावा होता. वहिवाट अनादी असल्याचे त्यांना सिद्ध करता आले नाही आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई हायकोर्टात त्यांचे अपील फेटाळले गेले.

तरीही पाणवठ्यांवरचा भेद संपला नाही; 1972 मध्ये समाजसेवक बाबा आढावांना ‘एक गाव, एक पाणवठा’ म्हणत गावोगाव फिरावे लागले. आजच्या तरुणांनी मोर्चा जरूर काढावा. पण आपल्या मागणीची फाईल कुठल्या कचेरीत, कुणाच्या टेबलावर अडली आहे, याची चौकशी दुसऱ्याच दिवशी सुरू करावी आणि निकाल लागेपर्यंत खेटे घालायची तयारी ठेवावी.