सहल किती आखावी ?

दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हां भरूं लागल्या, म्हणजे आमच्या मंगळवेढ्याच्या काळ्या रानांत ज्वारी डोलूं लागलेली असते आणि वर्गावर्गांत एकच शब्द कानीं पडूं लागतो, तो म्हणजे सहल. पूर्वीं या शब्दाबरोबर विजापूरचा गोलघुमट, पन्हाळा, रायगड हीं नांवें येत. अलीकडे त्यांच्या जोडीस, किंबहुना त्यांच्याहि पुढें, एक नवें नांव येऊन बसलें आहे. रायगड जिल्ह्यांत खोपोलीजवळ २०१३ सालीं ‘इमॅजिका’ नांवाचें थीम पार्क उघडलें. पाळणे, झोके, पाण्यांतल्या नावा, उंचावरून कोसळणारे डबे यांची ती एक स्वतंत्र नगरीच आहे. तेथें जावयाचें, असा मुलांचा हट्ट असतो.

हा हट्ट पुरवावा कीं नाहीं, हा प्रश्न आम्ही येथें घेत नाहीं. मुलांनीं खेळावें, ओरडावें, पोट धरून हंसावें, यांत आम्हांस गैर कांहींच दिसत नाहीं. आम्हांस लिहावयाचें आहे तें, जावयाचें ठरल्यानंतर शिक्षकांत आणि घरोघरींहि जे दोन पक्ष पडतात, त्यांजविषयीं. एका पक्षाजवळ कागद असतो. सव्वादहाला अमुक पाळणा, पावणेअकराला तमुक झोका, साडेबाराला जेवण, एकाला पुन्हां रांग, असा त्यांचा दिवस घरीं बसूनच संपलेला असतो. दुसऱ्या पक्षाजवळ एकच वाक्य असतें : “गेल्यावर पाहूं.” पहिला पक्ष दुसऱ्यास गबाळा म्हणतो, दुसरा पहिल्यास कारकून म्हणतो, आणि मौज अशी कीं, दोघेहि आपण मुलांच्याच बाजूनें बोलत आहों असें मानतात.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, थीम पार्क म्हणजे जत्रा नव्हे. मकरसंक्रांतीच्या सुमारास सोलापुरास सिद्धेश्वराची यात्रा भरते. होम मैदानावरील त्या गड्ड्याच्या यात्रेंत आमच्या वाचकांपैकीं बहुतेकजण आकाशपाळण्यांत बसले असतील. तेथें योजनेचें काम पडत नाहीं. खिशांत पैसे असले तर पाळण्यांत बसावें, नसले तर खालीं उभें राहून पाहावें; त्या पाहण्याचें मोल कोणी मागत नाहीं. जेवढे फेरे तेवढे पैसे, म्हणून एक फेरा चुकला तरी कांहीं बुडालें असें वाटत नाहीं. थीम पार्कांत सारे पैसे वेशीवरच मोजून घेतात, आणि मग दिवसभर खेळ मोकळे. वरवर पाहतां ही मोठीच सोय आहे. परंतु हीच सोय माणसाच्या मनांत एक हिशेबनीस आणून बसविते. इतके रुपये भरले, खेळ झाले अवघे सहा, म्हणजे एकेक खेळ केवढ्याला पडला, हा भागाकार बाप रांगेंत उभ्या उभ्या करूं लागतो. मूल त्या वेळीं कारंज्याकडे पाहत असतें, आणि “चल, वेळ जातो” म्हणून त्याच्या दंडाला हिसका बसतो.

या धंद्याचा इतिहास पाहिला तर हा हिशेबनीस कसा वाढत गेला तें कळून येतें. अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील ॲनाहाइम या गांवीं वॉल्ट डिस्ने यानें १७ जुलै १९५५ रोजीं डिस्नेलँड उघडलें. पहिल्याच दिवशीं बनावट प्रवेशपत्रें घेऊन हजारों लोक आंत शिरले, पिण्याच्या पाण्याचे नळ अपुरे पडले, आणि नुकत्याच ओतलेल्या डांबरांत बायकांच्या बुटांच्या टाचा रुतल्या. त्यानंतर कित्येक वर्षें तेथें तिकिटांच्या पुस्तिका मिळत. साधा खेळ हलक्या तिकिटावर, मोठा खेळ भारी तिकिटावर. १९८२ सालीं त्या बंद होऊन एका प्रवेशांत सर्व खेळ मोकळे झाले. पुढें रांगांवर उपाय म्हणून १९९९ सालीं ‘फास्ट पास’ नांवाची चिठ्ठी निघाली : चिठ्ठी घ्यावी, अन्यत्र हिंडावें, आणि नेमल्या वेळीं परत यावें. कल्पना उत्तम होती. पण चिठ्ठ्यांचाहि हिशेब मांडणारे निघाले. अखेर तीहि पद्धत जाऊन २०२१ पासून जादा पैसे देऊन मोबाइलवर वेळ राखावयाची पद्धत आली. सुट्टी घेऊन विश्रांतीस गेलेला गृहस्थ भल्या सकाळीं अंथरुणांत उठून बसतो आणि पाळण्याची वेळ मिळविण्यासाठीं मोबाइलवर बोटें आपटतो, हें दृश्य आम्हांस तरी करुणच वाटतें. कचेरींतून तो निघाला खरा, पण कचेरी त्याच्या खिशांत बसून आली.

तर मग “गेल्यावर पाहूं” हाच पक्ष खरा काय ? तसेंहि नाहीं. गर्दींत ज्याची स्वतःची योजना नाहीं, त्याची योजना गर्दी करते. दारापासून जवळचा जो मोठा पाळणा, तिकडे सारे धांवतात. म्हणून हाहि धांवतो, आणि पुढच्याच्या पाठीकडे पाहत तासभर उभा राहतो. त्यांतून बरोबर लहान लेंकरूं असलें तर पुढें आणखी एक दुःख वाढून ठेवलेलें असतें. तासाभरानें पाळी आली कीं तेथील नोकर लेंकराला मापपट्टीशीं उभें करतो, आणि उंची भरत नाहीं म्हणून परत पाठवितो. लेंकरूं रडूं लागतें, बाप नोकराशीं भांडतो. वास्तविक वेगाच्या खेळांना किमान उंचीची अट असते ती त्या लेंकराच्याच जिवासाठीं. नोकराचा त्यांत कांहींहि दोष नाहीं. ही अट घरीं बसून वाचतां आली असती. जें घरीं कळूं शकतें तें रांगेंत रडून कळावें, याला आम्ही मोकळेपणा म्हणत नाहीं.

आणि सहल शाळेची असली म्हणजे प्रश्न मौजेपुरता राहतच नाहीं. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं पुण्याच्या एका महाविद्यालयाचे सहलीस गेलेले १४ विद्यार्थी मुरुडच्या समुद्रांत बुडाले. १८ जानेवारी २०२४ रोजीं वडोदऱ्याच्या हरणी तलावांत शाळेच्या सहलीची नाव उलटली, आणि १२ मुलें व २ शिक्षिका प्राणांस मुकल्या. त्या नावेंत मावतील त्याहून अधिक माणसें बसविलेलीं होतीं. या दोन्ही तारखा सहलींच्या हंगामांतल्या आहेत. त्या घटनांचा न्याय करावयास आम्ही बसलों नाहीं. परंतु “आणखी चार मावतील” हें वाक्य कोणत्याहि सहलींत केव्हां ना केव्हां उच्चारलें जातेंच, आणि त्याचें उत्तर तें उच्चारलें जाण्यापूर्वींच कागदावर लिहिलेलें असलें पाहिजे. गर्दी, पाणी आणि मुलांचा आग्रह हीं तिन्ही भोंवतीं असतां शांतपणें विचार करणें मोठमोठ्यांना साधत नाहीं.

मंगळवेढ्याहून खोपोली तीनशे किलोमीटरांहून दूर आहे. म्हणून एक रात्र जातांना, एक रात्र येतांना आणि मधला दिवस खेळांचा, असा बेत पुष्कळांना सोईचा वाटतो; मुक्कामाचा खर्च वांचतो. आम्हांस हा बेत मुळींच पसंत नाहीं. त्यांत ज्याची गणना कोणी करीत नाहीं असा एक मनुष्य असतो, तो म्हणजे गाडीचा चालक. मुलें दिवसभर खेळतात, शिक्षक दिवसभर मुलें मोजतात, आणि चालकानें गाडीच्या तापलेल्या पत्र्याखालीं झोंप पुरी करावी अशी सर्वांची समजूत असते. पन्नास घरांचीं मुलें त्याच्या त्या अर्धवट झोंपेवर विसंबून परत येणार ! दुसरा चालक घ्यावा, नाहींतर पुण्यास मुक्काम करावा. आणि हीं दोन्ही परवडत नसतील तर खुशाल जवळचें स्थळ निवडावें. विजापूर एका दिवसांत होतें. राज्य परिवहन महामंडळ शालेय सहलींस भाड्यांत सवलत देतें. त्यांतून वांचलेला पैसा या एका गोष्टीवर खर्च झाला तर तो सत्कारणीं लागला असें आम्ही समजूं.

पैशाचेंहि असेंच आहे. सहलींचा हंगाम तोच ऊसतोडीचा हंगाम. आमच्या तालुक्याच्या कोरडवाहू गांवांतून या दिवसांत कित्येक घरांना कुलूप असतें; आईबाप फडावर, मूल आजीपाशीं. अशा मुलाच्या हातीं सोमवारीं सूचनेचा कागद द्यावयाचा आणि शुक्रवारीं वर्गणी मागावयाची, म्हणजे “तूं येऊं नको” हें त्याला सभ्य भाषेंत सांगणेंच होय. मूलहि समजूतदार असतें. “मला गाडी लागते” म्हणून सांगतें आणि घरीं राहतें. सहल आषाढांत ठरली, म्हणजे आईबाप फडावर जाण्यापूर्वीं वर्गणी थोडी थोडी देतां येते. शुभवर्तमानांत बुरूज बांधूं इच्छिणाऱ्या मनुष्याचा दृष्टांत आहे. आधीं बसून खर्चाचा अजमास घेणें हें तेथें शहाणपणाचें ठरविलें आहे. तो दृष्टांत याहून फार मोठ्या गोष्टीसाठीं दिलेला आहे हें आम्ही जाणतों. परंतु ज्या घरीं सहलीची वर्गणी म्हणजे आठवड्याची मजुरी, त्या घरीं तीहि बुरुजाएवढीच असते.

येथपर्यंत आम्ही कागदवाल्यांच्या बाजूनें बोललों. आतां दाराच्या आंत शिरूं. आणि तेथें आम्ही त्यांची साथ सोडतों.

कारण आंत गेल्यावर कागद ज्याचें रक्षण करतो तें मुलाचें सुख नव्हे, तर कागद करणाराचा अभिमान होय. “सगळे खेळ झाले” असें घरीं येऊन सांगतां यावें, फोटोंत कांहीं उणें दिसूं नये, यासाठीं बेचाळीस मुलांना एकाच दोरींत बांधून फिरवितात. कोणाला उंच पाळण्याची भीति वाटते. त्याला “भित्रा” म्हणून बसविलें जातें, आणि तें पोर दिवसभर पांढरें पडलेलें तोंड लपवीत हिंडतें. नको म्हणण्याचें स्वातंत्र्य नसलेला खेळ हा खेळ कसला ? तिसरी एखादी मुलगी एकाच नावेंत पुन्हां पुन्हां बसूं इच्छिते. तिला ओढून दुसरीकडे नेतात. आणखी एखादा मुलगा रोलर कोस्टरखालीं नुसता उभा राहतो. त्याच्या ध्यानांत आलेलें असतें कीं, त्या डब्यांना स्वतःचें एंजिन नाहीं. सांखळी त्यांना पहिल्या उंच टोंकापर्यंत ओढून नेते आणि सोडून देते, पुढची सर्व धांव त्या एका उंचीच्या जोरावर. आम्ही वर्गांत फळ्यावर स्थितिज व गतिज ऊर्जेचीं सूत्रें लिहितों तें हेंच, पण तेथें तें गडगडत डोक्यावरून जात असतें. अर्धा तास तो पोरगा मान वर करून उभा राहिला तर त्या अर्ध्या तासांत त्याचें काय बुडालें ? कागदाप्रमाणें एक खेळ बुडाला, एवढेंच.

कडक शिस्त आणि पूर्ण मोकळीक हीं दोन एका ठिकाणीं नांदूं शकतात काय, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर आपल्यापासून पंचवीस किलोमीटरांवर दर आषाढांत येऊन पोंचतें. आम्ही ख्रिस्ती आहों, वारी हा आमच्या उपासनेचा भाग नाहीं. तथापि शेजाऱ्याचा नीट चाललेला संसार पाहावयास धर्म आड येत नाहीं. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला एकोणिसाव्या शतकांत हैबतबाबा आरफळकर यांनीं जी घडी घालून दिली ती आजहि आहे. रथापुढील दिंड्या कोणत्या, रथामागील कोणत्या, त्यांचे क्रमांक ठरलेले. दुपारचा विसावा कोठें, रात्रीचा तळ कोठें, रिंगण कोणत्या माळावर, हेंहि ठरलेलें. लाखों माणसें, आणि दिंडीचा क्रम चुकत नाहीं. परंतु एका विसाव्यापासून दुसऱ्यापर्यंत कोणत्या बाईनें कोणाशीं फुगडी घालावी, कोणत्या म्हाताऱ्यानें कोणत्या लिंबाखालीं टेंकावें, हें कोणीं कोठें लिहून ठेवलेलें नाहीं. तळ ठरलेला आहे म्हणूनच म्हातारा निश्चिंतपणें लिंबाखालीं टेंकतो. आपण चुकणार नाहीं हें त्याला ठाऊक असतें.

याच धर्तीवर यंदाच्या सहलीकरितां पालकसभेपुढें आम्ही एक कागद ठेवणार आहों. त्यांत गाडीचा क्रमांक, दोन चालक, पुण्याचा मुक्काम, प्रत्येक मुलाचें नांव, उंची, औषध व घरच्या माणसाचा फोन, पाण्यांत कोणीं उतरावयाचें नाहीं व कोठें नाहीं, हें सर्व बारकाईनें लिहिलेलें आहे. पांच पांच मुलांचे गट असतील. गटानें एकत्र राहावयाचें, एक शिक्षक दोन गटांच्या नजरेंत राहावयाचा. एका वाजतां जेवणास आणि पांच वाजतां मोठ्या दाराशीं, अशी दोनदां हजेरी होईल. गटांत एखाद्याला एखाद्या खेळांत बसावयाचें नसेल तर शिक्षकानें त्याच्याबरोबर खालीं थांबावयाचें, आणि कारण विचारावयाचें नाहीं.

त्या कागदावर दहा ते एक आणि दोन ते पांच या वेळांपुढचे रकाने आम्ही कोरे ठेविले आहेत. ते भरून द्यावे असें ज्या पालकांस वाटत असेल, त्यांनीं सभेस अवश्य यावें व आपलें म्हणणें मांडावें. मात्र येतांना आपल्या मुलासहि बरोबर आणावें.