एक्सप्लेनर : गिरणीतला ‘बदली’ आता लॅपटॉप घेऊन येतो?

लोअर परळच्या अनेक ऑफिसांत आयकार्डच्या दोरीवरून माणूस ओळखतात. कायम कर्मचाऱ्यांचा रंग एक, कंत्राटींचा दुसरा. याच जमिनीवर गिरण्या होत्या, तेव्हा ही विभागणी ‘बदली’ या एका शब्दात होती.

काय होती बदली पद्धत?

कायम कामगार गैरहजर असेल, तरच बदलीला काम. सकाळी गेटवर उभे राहायचे. नंबर लागला नाही तर खोलीवर परत, त्या दिवसाचा पगार नाही. आत कोणाला घ्यायचे हे जॉबर ठरवे आणि त्याचा हात ओला करावा लागे. १९३५मध्ये मालक संघाने बदलींची नोंदणी करून कार्डे दिली. जॉबरची मनमानी घटली, पण कार्ड म्हणजे नोकरी नव्हे. कित्येक जण वर्षानुवर्षे बदलीच राहिले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगारवाढीसोबत बदलींना कायम करा, हीही त्यांची मागणी होती.

आज वेगळे काय?

मुख्यतः भाषा. टाउनहॉलमध्ये ‘आपण सगळे एक फॅमिली’ म्हणतात. कंत्राटी मुलाचा पगार मात्र एजन्सीकडून येतो. गिरणीने निदान बदलीला कुटुंब म्हटले नव्हते.

नव्या कायद्याने काय मिळते?

२१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्याला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. मात्र ही नेमणूक थेट कंपनीची असते. त्यामुळे ऑफर लेटरवर सही करण्यापूर्वी त्यावर नाव कंपनीचे आहे की एजन्सीचे, हे पाहावे.