मोहोर फुललाय, पंप खाली ठेवा

आज थोडं कडू लिहितोय. राग आला तर घरी या, चहा पाजीन, पण आधी पुरतं वाचा.

काल नाक्यावर आम्ही तिघे बागायतदार भेटलो. विषय नेहमीचाच, मोहोर भरपूर पण कणी नाय. एक म्हणाला औषध बदलूया. दुसरा म्हणाला पुढचा फवारा आठ दिवस आधी घेऊया. माशीचं नाव कोणी काढलं नाय. मीपण गप्प बसलो, कारण माझं मला ठाऊक.

दोन वर्षांमागे भात कापल्यावर मळ्यात वीस गुंठे कलिंगड केलं होतं. कलिंगडाचं नरफूल वेगळं, मादीफूल वेगळं. सकाळी उमलतं, दुपारी मिटतं, त्याला दुसरा दिवस नाय. तेवढ्यात माशी फिरली नाय तर फूल गळतं, नायतर फळ वाकडं होतं. म्हणून घाटावरच्या एका मधपाळाकडून सातेरीच्या दहा पेट्या आणवल्या. त्याचा आजा हेच करायचा, बाप हेच, आता हा पोरगा. पेट्या कलमांच्या सावलीत मांडल्या. त्याने एकच मागितलं, "काका, औषध मारायचं असलं तर आदल्या दिवशी फोन करा. रात्रीत तोंडं बंद करून पेट्या हलवतो."

आठ दिवसांत मोहोरावर तुडतुडा दिसला. सकाळी दहाला गड्याला पंप लावायला सांगितला, टाकीत इमिडाक्लोप्रिड. फोन राहिला. राहिला कसला, केला नाय. संध्याकाळी पेट्यांपुढे मेलेल्या माश्या केरसुणीने गोळा कराव्या एवढ्या. पोरगा रात्री आला. चार पेट्या संपल्या होत्या. भांडला नाय. पैसे देतो म्हटलं तर म्हणाला, "आधी राहिलेल्या सहा गाडीत चढवायला हात लावा."

आता काही जण म्हणतील, आंब्याला मधमाशी लागतच नाय, साध्या माश्या काम करतात. अर्धं खरं आहे. मोहोरावर दोन पंखांच्या माश्या पुष्कळ राबतात. पण त्या काय औषधाला पुरून उरतात? तुऱ्यात हजाराच्या वर फुलं, त्यात नर जास्त, फळ धरणारी थोडी. त्या थोड्यांवर भर दुपारच्या आत, ऐन माशीच्या वेळेला आपण विष ओततो आणि वर कणी का नाय म्हणून विचारतो.

फवारूच नका असं मी म्हणत नाय. तुडतुडा काय सोडतो काय! पण बोंगे फुटताना, फुलं उघडायच्या आधी फवारा घ्या. फुललेल्या मोहोरावर शक्यतो मारू नका हे दापोलीचं विद्यापीठही सांगतं. अगदीच गळ्याशी आलं तर सूर्य मावळल्यावर मारा, नि पेटीवाल्याला आधी कळवा.

महाबळेश्वर, जावळीकडे पिढ्यान् पिढ्या पेट्या सांभाळणारी घरं आहेत. २०२२ साली तिथलं मांघर देशातलं पहिलं मधाचं गाव जाहीर झालं. पुण्याला मधमाशीची केंद्रीय संशोधन संस्था १९६२ पासून आहे. म्हंजे माणसं आहेत, विद्या आहे. कांद्याचं बी करणारे, डाळिंबवाले पेट्या भाड्याने नेतात. कॅलिफोर्नियात बदामाच्या फुलोऱ्याला ट्रक भरभरून पेट्या येतात, भाडं पेटीमागे दोनशे डॉलरच्या घरात. आणि आपण? "पेट्या ठेव, मध तुझा, दोन बाटल्या आमच्या घरी दे." भाड्याचं नाव नाय. त्या पोराचा धाकटा भाऊ आता पुण्यात रिक्षा चालवतो, मग नवल कसलं.

खरी गोम वेगळीच आहे. सातेरी किलोमीटरभर फिरते, तिला माझा गडगा नि तुझा गडगा कळत नाय. मी एकटा शहाणा होऊन भागत नाय. त्यात बाग कराराने दिलेली असली तर व्यापाऱ्याला एका हंगामाशी मतलब, तो फवारणार. मग करारातच लिहून घ्या ना, फुललेल्या मोहोरावर दिवसा फवारा नाय. व्यापारी कुरकुरेल. कुरकुरू दे, कलमं आपली आहेत.

दिवाळीत त्या पोराला फोन केला. उचलेल असं वाटलं नव्हतं. म्हणाला, भाडं ठरवा आणि आजूबाजूच्या सगळ्या बागांचा शब्द घ्या, मग बघतो. आमच्याकडे अशा सात बागा आहेत. माझ्यासकट चौघांनी होय म्हटलंय. उरलेले तिघे हे वाचतात, मला माहीत आहे. रविवारी सकाळी घरी येतो.