ठिपके जुळले, पण टायमिंगचे काय?

जुनी मोटार नव्याने उभी करायची ठरली की पैसा आणि लक्ष आधी पत्र्याकडे जाते. रंगाची मूळ छटा कोणती, क्रोम पुन्हा कुठे चढवायचे, सीटचे कापड त्या काळातले वाटते का, यांवर महिनोन्‌महिने चर्चा चालते. इंजिनाबद्दल मात्र गाडीचा मालक एवढेच विचारतो, 'चालू झालं का?' रेडिएटरच्या मागे, पुढच्या पत्र्याच्या कव्हराखाली दोन दातेरी चक्रे, एक साखळी आणि प्रत्येक चक्रावर एकेक ठिपका असतो. हे ठिपके समोरासमोर आले की मिस्त्री साखळी चढवतो, कव्हर बंद करतो आणि टायमिंगचा विषय तिथेच संपतो. माझे म्हणणे असे की तो तिथे सुरू व्हायला हवा. पन्नास-साठ वर्षांच्या इंजिनात ठिपके जुळणे ही फक्त पहिली पायरी आहे. व्हॉल्व्ह नेमके केव्हा उघडतात हे मोजून कागदावर लिहिल्याशिवाय त्या इंजिनाची बांधणी पूर्ण झाली असे मानू नये.

उदाहरणासाठी १९६२ साली आलेल्या एमजीबीचे १७९८ सीसीचे इंजिन घेऊ. ते ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ज्या बी-सीरिज घराण्यातले, त्याच घराण्यातले १४८९ सीसीचे इंजिन आपल्या अँबॅसेडरमध्ये वर्षानुवर्षे चालले, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या गॅरेजांना त्याची रचना परकी नाही. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅमशाफ्ट एकदा फिरतो, म्हणून कॅमच्या चक्राला क्रँकच्या चक्राच्या दुप्पट दाते असतात. एमजीबीचा इनलेट व्हॉल्व्ह पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या १६ अंश आधी उघडतो आणि खालचे टोक ओलांडल्यावर ५६ अंशांनी बंद होतो. एक्झॉस्ट खालच्या टोकाच्या ५१ अंश आधी उघडतो आणि वरच्या टोकानंतर २१ अंशांनी मिटतो. इंजिनाची ताकद, पेट्रोलचा खप, चढावर गाडी दम धरते की नाही, हे सारे बऱ्याच अंशी या चार आकड्यांवर ठरते. त्यामानाने ठिपका ही ढोबळ खूण. कॅमच्या चक्राला ४० दाते धरले तर एक दाता म्हणजे कॅमचे ९ अंश आणि क्रँकचे १८ अंश. ठिपके जुळले याचा अर्थ साखळी दात्याने चुकलेली नाही, इतकाच. तीन-चार अंशांच्या चुकीबद्दल ठिपका काही सांगू शकत नाही.

कारखान्यातून बाहेर पडलेल्या नव्या इंजिनात ही मर्यादा फारशी जाणवत नसे, कारण चक्र, चावी, क्रँक, कॅम आणि साखळी ही सगळी एका मापाची, एकमेकांसाठी बनवलेली होती. आज उघडल्या जाणाऱ्या इंजिनाचा इतिहास मालकालाही ठाऊक नसतो. क्रँक एका गाडीचा, कॅम दुसऱ्या गाडीचा, चक्र बाजारातून आणलेले आणि चावीची खाच झिजून किंचित रुंद झालेली, अशी मिसळ सहज सापडते. उत्तरपाड्याहून अँबॅसेडर यायची २०१४ मध्ये थांबली. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेल्या आणि त्यांच्यासोबत सुट्या भागांचे मोठे गिऱ्हाईकही गेले. आता जे मिळेल ते बसवायचे दिवस आहेत, आणि मिळालेल्या चक्रावरचा ठिपका योग्य दात्यापाशी मारला आहे याची हमी कोण देणार? त्यात साखळीची झीज. तिच्या पिना आणि बुश झिजले की ओढणारी बाजू लांबते आणि कॅम मागे पडतो. ब्लॉकमधल्या मेन बेअरिंगच्या जागा लाइन-बोअर केल्या असतील तर क्रँक कॅमच्या जरा जवळ सरकतो आणि नवी साखळीही ढिली बसते. दोन्ही चक्रांचे तोंड एका पातळीत आहे का, हेही सरळ पट्टी लावून पाहावे लागते. बी-सीरिजमध्ये त्यासाठी क्रँकच्या चक्रामागे पातळ चकत्या घालण्याची सोय आहे. चक्र बदलले आणि जुन्याच चकत्या तशाच ठेवल्या, तर साखळी तिरपी धावून दात्यांच्या कडा खाते. हे सगळे होत असताना ठिपके मात्र समोरासमोरच असतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: कंपनीने ठिपके दिले ते कशासाठी? तिच्यापेक्षा आपण शहाणे आहोत का? आक्षेप वाजवी आहे, पण त्याचे उत्तर कंपनीच्याच दुरुस्ती-पुस्तकात सापडते. एमजीबीच्या पुस्तकात टॅपेटचा नेहमीचा गाळा ०.०१५ इंच आहे आणि शेजारीच टायमिंग तपासण्यासाठी वेगळा गाळा दिला आहे: ०.०५५ इंच. पहिल्या सिलिंडरच्या इनलेटला तात्पुरता हा मोठा गाळा द्यायचा आणि व्हॉल्व्ह उघडू लागेपर्यंत इंजिन हाताने फिरवायचे. त्या क्षणी पुलीवरची खाच टॉप डेड सेंटरच्या खुणेसमोर यायला हवी. एवढा गाळा का, तर कॅमचा चढ सुरुवातीला फार मंद असतो, त्यामुळे नेहमीच्या गाळ्यावर व्हॉल्व्ह नेमका कधी हलला ते ठरवता येत नाही. गाळा वाढवला की मोजणी चढाच्या उभ्या भागावर येते आणि क्षण पकडता येतो. म्हणजे ठिपके देणाऱ्या कंपनीचाही ठिपक्यांवर आंधळा विश्वास नव्हता. ठिपका कारागिराचा वेळ वाचवण्यासाठी होता, पडताळणी त्याच्यापुढची. जॅग्वारने तर १९४८ पासून वापरलेल्या एक्सके इंजिनात आणखी मजल मारली. तिथे कॅमशाफ्टवर खाच आहे, तिच्यात बसणारे खास गेज आहे आणि चक्र व कॅम यांच्यामध्ये बारीक दात्यांची चकती आहे, जिच्यामुळे कॅम अगदी थोडाथोडा सरकवून नेमक्या जागी आणता येतो. या इंजिनात कॅम हेडमध्ये असतो. हेड घासून सपाट केले की कॅम क्रँकच्या जवळ येतो आणि टायमिंग आपोआप हलते, म्हणून ही सोय. ती असूनही गेज न वापरता 'अंदाजे' कॅम बसवणाऱ्यांबद्दल काय बोलावे! त्या इंजिनात हेड जागेवर असताना एकच कॅम सुटा फिरवला तरी इनलेट आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळून वाकू शकतात.

दुसरा आक्षेप अनुभवी हातांच्या बाजूचा आहे आणि तो हलक्यात घेण्याजोगा नाही. मुरलेला मिस्त्री इंजिनाच्या आवाजावरून दोष सांगतो, मग चकत्या आणि गेज कशाला? कान खरोखर बरेच काही सांगतो. साखळी दात्याने चुकली असेल तर इंजिन सुरूच होणार नाही, खोकेल, नाहीतर तापेल, आणि मिस्त्री ते लगेच ओळखेल. पण कॅम चार अंश मागे असेल तर इंजिन उभ्या जागी व्यवस्थित चालते. इनलेट उशिरा मिटतो, कमी वेगात आत घेतलेल्या मिश्रणातले थोडे परत मागे ढकलले जाते, कॉम्प्रेशन उतरते आणि गाडी वरच्या गिअरमध्ये जड वाटते. मग कार्बुरेटरचे जेट बदलले जाते, इग्निशन पुढे घेतले जाते आणि मूळ दोषावर दुसऱ्या दोषाचे ठिगळ बसते. शेवटी 'जुनी गाडी आहे, एवढंच पळायची' असा निकाल लागतो. ती अशी पळत नव्हती. कानाने पकडता येतो तो दात्याचा फरक, अंशाचा फरक मोजावाच लागतो.

मोजण्यासाठी लागते तरी काय? अंश आखलेली एक चकती, तारेचा काटा, डायल गेज आणि मॅग्नेटिक स्टँड. कव्हर उघडेच असते, त्यामुळे काम काही तासांचे, आणि खर्च रंगाच्या एका हातापेक्षा किती तरी कमी. आधी पिस्टनचे वरचे टोक नेमके शोधायचे. पिस्टन टोकापाशी काही अंश जवळजवळ स्थिर असतो, म्हणून नुसते पाहून ते ठरत नाही. स्पार्क प्लगच्या भोकातून अडसर बसवून इंजिन दोन्ही बाजूंनी हळू त्याला टेकवायचे आणि दोन नोंदींचा मध्य धरायचा. पुलीच्या खुणेवरही विसंबू नये, रबर बसवलेल्या पुलीची बाहेरची कडी वर्षांनुवर्षांत सरकलेली असू शकते. मग इनलेट पूर्ण उघडा असतानाचा अंश टिपायचा. एमजीबीच्या मूळ कॅमसाठी वरच्या आकड्यांवरून तो टॉप डेड सेंटरनंतर ११० अंशांवर येतो. फरक असेल तर किंचित सरकवलेली ऑफसेट चावी घालून तो काढता येतो. कव्हर लावण्यापूर्वी क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून सगळे पुन्हा पाहायचे. काही साखळ्यांवर रंगीत कड्या असतात, त्या दोन फेऱ्यांनंतर खुणांसमोर परत येत नाहीत. चक्रांवरचे ठिपके येतात, कड्यांना त्याहून किती तरी जास्त फेरे लागतात, म्हणून घाबरून साखळी पुन्हा उतरवू नये. आणि ठिपके समोरासमोर असताना पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर असेलच असे नाही. शेव्हर्लेच्या स्मॉल-ब्लॉक व्ही-८ मध्ये त्या वेळी सहावा सिलिंडर कॉम्प्रेशनवर असतो. हे न पाहता डिस्ट्रिब्युटर बसवला की ठिणगी चुकीच्या वेळी पडते आणि दोष बिचाऱ्या साखळीला लागतो.

पुस्तकातले आकडे हे ब्रह्मवाक्य नाही, हेही मान्य करायला हवे. कॅम कधी तरी ग्राइंड करून घेतला असेल, तर कंपनीचे अंश त्याला लागू पडणार नाहीत. पण त्याने मोजणीची गरज कमी होत नाही, उलट वाढते. आपल्या हातात नक्की कोणता कॅम आहे, हे तेव्हा फक्त मोजणीच सांगू शकते.

राहिला शेवटचा आक्षेप: वर्षातून एकदा रॅलीला निघणाऱ्या गाडीसाठी एवढा खटाटोप कशाला? केंद्र सरकारच्या जुलै २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या आणि इंजिनात मोठे फेरफार न केलेल्या खासगी गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आहे, आणि ही गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे मूळ इंजिन टिकवणे ही आता हौसेपुरती बाब राहिलेली नाही, गाडीचा दर्जाच त्यावर अवलंबून आहे. दुसरे इंजिन टाकून मोकळे होण्याची पळवाट नाही. अशा इंजिनाचा ब्लॉक, क्रँक आणि कॅम पुन्हा पुन्हा घासता येत नाहीत, आणि आज न लिहिलेले माप वीस वर्षांनी ते उघडणाऱ्याला कोणीही सांगू शकणार नाही.

तेव्हा इंजिन बांधून घेणाऱ्यांना एकच विनंती. गाडी ताब्यात घेताना बिलासोबत लेखी नोंद मागा: टॉप डेड सेंटर कसे शोधले, इनलेट किती अंशांवर पूर्ण उघडतो, कोणती चावी आणि किती चकत्या घातल्या, थंड इंजिनावर टॅपेटचा गाळा किती ठेवला. हे मोजणाऱ्या कारागिराला त्या कामाचे वेगळे पैसे द्या, घासाघीस न करता. नोंद मिळत नसेल तर चेन कव्हर पुन्हा उघडायला सांगा.