शब्दांचें कूळ कीं शब्दांचें काम?

कडेगांवच्या बाजारांत एखाद्या दुकानीं घटकाभर उभें राहावें. जमा किती, खर्च किती, बाकी कोणाकडे, हमालास काय दिलें, एवढेंच बोलणें कानीं पडेल. यांतील जमा, खर्च, बाकी, हमाल हे सारे शब्द मूळचे अरबी. ते फारसीच्या वाटेनें मराठींत आले. बाजार हा शब्द खुद्द फारसी. तालुका, तहसील, जिल्हा यांचीही तीच कथा. आमच्या बखरींतील तोफ व चकमक तर तुर्की! तरी या बोलण्यास मराठी नव्हे असें कोण म्हणेल?

ही उजळणी करण्याचें कारण असें कीं, अकोला जिल्ह्यांतील पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखालीं उर्दू अक्षरें असावींत कीं नाहीं, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १५ एप्रिल २०२५ रोजीं न्यायालयानें निकाल दिला कीं, २०२२ च्या कायद्यानें मराठी सक्तीची आहे. परंतु तिच्या जोडीस उर्दू लिहिण्यास त्या कायद्याची मनाई नाहीं. भाषा म्हणजे धर्म नव्हे, हेंही न्यायालयानें बजाविलें. उर्दू हें नांव तुर्की असून त्याचा अर्थ लष्करी छावणी. पण त्या भाषेचा जन्म याच देशांतला.

यावर कोणी म्हणतील, शिवछत्रपतींनींच राज्यव्यवहारकोश करविला ना? होय, आणि त्याचा आम्हांस अभिमान आहे. रघुनाथपंत हणमंते यांनीं सिद्ध केलेल्या त्या कोशानें राज्यकारभारास स्वतःची भाषा दिली. सरनोबताच्या जागीं सेनापति व सुरनिसाच्या जागीं सचिव हे शब्द त्याच काळीं रूढ झाले, ते आजही जिवंत आहेत. परंतु मुख्य प्रधान म्हटलें असतांही लोकांच्या तोंडीं पेशवा हाच फारसी शब्द राहिला. पुढें सावरकरांनीं भाषाशुद्धीची चळवळ केली. आज प्रत्येक अर्जावर दिनांक असतो, तरी खटल्याची पडते ती तारीखच. लोक उपयोग पाहतात, कुळी पाहत नाहींत.

भाषेची खरी सुधारणा सुबोधतेंत आहे. पंचनाम्यांतील 'मजकूर इसम' शेतकऱ्यास कळत नसेल तर तो अवश्य बदलावा. पण गटारास 'जलनिस्सारण वाहिनी' म्हटल्यानें गटार तुंबावयाचें राहत नाहीं.

कडेगांवास मोहरमांत हिंदु व मुसलमान दोघांचेही गगनचुंबी ताबूत निघतात, त्यांच्या भेटी होतात. ताबूत हा शब्द अरबी, म्हणून बांबू बांधणारा कोणी हात आखडता घेत नाहीं. आमच्या नगरपरिषदांनीं हेंच ध्यानीं धरावें. पाटीवर मराठी वरती व ठसठशीत असावी. रहिवाशांस उर्दू वाचतां येत असेल तर खालीं तीही असावी. आणि पाट्यांच्या वादांत जाणारा वेळ व पैसा नळ, रस्ते व शाळा यांवर खर्चावा.