पायरी क्रमांक तीनमध्ये काय आहे?

दिवाळीच्या तोंडावर आलेल्या पत्रांत यंदा मालाच्या भाववाढीची कुरकुर कमी आणि सोललेल्या चेहऱ्यांच्या तक्रारी जास्त आहेत. साताऱ्याच्या एका भगिनीने नेहमीच्या क्लायंटचे अप्परलिप वॅक्स केले. वॅक्स तेच, तापमान तेच, हातही सरावाचा. स्ट्रिप ओढली तर केसांबरोबर वरची त्वचाही आली. ओठावर नखाएवढा ओला, गुलाबी चट्टा. मुलगी महिनाभर रोज रात्री ॲडापॅलीन लावत होती हे कळले ते बर्फ लावता लावता. आता तिथे तपकिरी पट्टा उमटला आहे, लग्न तीन आठवड्यांवर आहे आणि मुलीची आई भरपाई मागते आहे. ‘यात माझे काय चुकले?’ असे पत्रात विचारले आहे. ताई, विचारायचे राहिले, तेवढेच चुकले.

रेटिनॉइड चालू असलेल्या चेहऱ्यावर वॅक्स नको, हे या मासिकाच्या वाचकांना शिकवायची गरज नसावी. पूर्वी अशी क्लायंट क्वचित यायची, एवढाच फरक. आज कॉलेजातली पोरगी सकाळी व्हिटॅमिन सी, संध्याकाळी सॅलिसिलिकचा फेसवॉश, रात्री रेटिनॉल आणि मधूनमधून ग्लायकोलिक असा चौफेर मारा करते, आणि शनिवारी आपल्याकडे येऊन ‘ब्लीच आणि डी-टॅन’ म्हणते. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया त्या चेहऱ्यावर लागले की भडका उडणारच. नावे मात्र ब्लीचच्या डब्याला ठेवली जातात, नाहीतर आपल्याला.

गंमत अशी, की भलत्याच जोड्यांची भीती घरोघर पोहोचली आहे. नायसिनमाइड आणि व्हिटॅमिन सी एकत्र चालत नाही, असे क्लायंट आपल्यालाच ऐकवतात. ती भीती जुन्या प्रयोगांतून आली. तिथली उष्णता आणि परिस्थिती चेहऱ्यावर कधी येतच नाही. उलट बेंझॉइल पेरॉक्साइडवर ट्रेटिनॉइन चोपडून उन्हात गेले तर ट्रेटिनॉइन निकामी होते, हे कुणाच्या गावी नसते. ॲडापॅलीन या बाबतीत टिकाऊ आहे. रुटीन विचारलेच तर सरळ सांगा: सकाळी व्हिटॅमिन सी आणि सनस्क्रीन, रात्री एकच ॲक्टिव्ह, ॲसिडची रात्र वेगळी, रेटिनॉलची वेगळी, आणि अधल्यामधल्या रात्री नुसते मॉइश्चरायझर. यापेक्षा जास्त हौस असेल तर त्वचारोगतज्ज्ञाचा पत्ता द्या.

आता मुख्य दुखण्याकडे. क्लायंटने काय लावले ते आपण विचारू शकतो. आपण स्वतः काय लावतो आहोत, हे कुणाला विचारायचे? फेशियलचे कोणतेही पाच पायऱ्यांचे किट उघडा. खोक्यावर बारीक अक्षरांत घटकांची यादी असते, तीही अनेकदा पाचही पुड्यांची मिळून. आतल्या पुडीवर ‘पायरी क्र. ३’ आणि एक संत्र्याचे चित्र. खोके पहिल्याच दिवशी कचऱ्यात जाते, पुड्या ट्रॉलीत पडून राहतात. त्या तिसऱ्या पायरीत लॅक्टिक ॲसिड आहे की नुसता सुगंध, हे ट्रॉलीशेजारी उभ्या असलेल्या मुलीला कळायला मार्ग नाही. सेल्सवाल्याला विचारावे तर तो म्हणतो, ‘मॅडम, फ्रूट ॲसिड आहे, नॅचरल आहे.’

कॉस्मेटिक्स नियम 2020 मध्ये आले. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावेत आणि त्याखालचे कसेही, एवढ्यावर यादीचे काम भागते. प्रत्येक घटक किती टक्के, हे सांगायची सक्ती नाही, पीएचचीही नाही. आणि ॲसिडची सगळी मेख पीएचमध्येच आहे. ग्लायकोलिक दहा टक्केच असले तरी पीएच 3.8 च्या आसपास त्यातले जवळपास निम्मे मोकळे राहून काम करते. पीएच 5 ला त्याचा दात पडलेला असतो. अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने घरगुती वापरासाठी दहा टक्के आणि पीएच 3.5 च्या खाली नको, सलूनसाठी तीस टक्के आणि पीएच 3 च्या खाली नको, अशी रेघ कधीच आखून दिली. आपल्या ट्रॉलीवरच्या पुडीला टक्काही नाही आणि पीएचही नाही.

मग पुडीच तपासून मिळेल का, अशी आम्ही एका सरकारी कार्यालयात विचारणा केली. उत्तर मिळाले: नमुना सीलबंद हवा, उघडलेली पुडी तपासणीला घेता येणार नाही. म्हणजे त्रास होण्याआधीच पुडीवर संशय घ्यायचा, न वापरता ती जपून ठेवायची आणि मग त्रास झाल्याची तक्रार करायची! साहेबांच्या टेबलावर ही अट तर्कशुद्ध असेलही.

मेडिकल दुकानांचेही तेच. हायड्रोक्विनोन दोन टक्के, ट्रेटिनॉइन 0.025 आणि मोमेटासोन 0.1 अशी तीन औषधे एकत्र असलेली ट्यूब ‘गोरेपणाची क्रीम’ म्हणून चिठ्ठीशिवाय हातात पडते. 2018 मध्ये चौदा स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीतून असलेली सूट केंद्राने काढून घेतली, तरी काउंटरवर फारसे काही हललेले नाही. क्लायंट ‘काही नाही लावत, फक्त क्रीम’ म्हणते ती हीच. त्या ‘फक्त क्रीम’चा फोटो मोबाइलवर मागा. नाव वाचा. ट्रेटिनॉइन दिसले तर धागा चालेल का, तेही जपून ठरवा. वॅक्स, ब्लीच, पील सगळे बंद. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा संपून सहा महिने झाले नसतील, तरीही वॅक्स नाही.

दुसऱ्यांकडे बोट दाखवताना आपल्यातल्या काहींना सोडून चालणार नाही. स्टेरॉइडचे मलम, कोल्ड क्रीम आणि आणखी काहीबाही पांढऱ्या डबीत घोटून ‘आमची खास नाइट क्रीम’ म्हणून विकणाऱ्या आजही आहेत, आणि त्यांच्या भिंतीवर डिप्लोमाही टांगलेला आहे. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडे क्रीममधल्या पाऱ्याने बिघडल्याची बातमी 2023 मध्ये सगळ्यांनी वाचली. ती क्रीम ब्युटिशियनकडून घेतलेली होती, असे त्या बातम्यांत आले होते. नियमाप्रमाणे अशा क्रीममध्ये पारा मुद्दाम घालताच येत नाही. नकळत आला तरी दशलक्षात एका भागाच्या वर नको. लेबल नसलेली डबी विकणारीला पुडीच्या लेबलाबद्दल ओरडायचा अधिकार नाही. त्या डब्या आजच्या आज फेकून द्या. अमुक तमुक ताईही विकते, ही सबब आम्ही ऐकणार नाही.

तुळशीचे लग्न लागले की ब्रायडल पॅकेजची रांग लागेल, तेव्हा विचारायला सवड मिळणार नाही. म्हणून आताच वहीत प्रत्येक नावापुढे एक रकाना आखा: रात्री काय लावता, कधीपासून, शेवटचे कधी. उत्तराखाली क्लायंटची सही घ्या. पॅकेज ठरवायला येईल तेव्हाच हा रकाना भरा, म्हणजे रेटिनॉइड थांबवायला हाताशी आठवडा तरी राहील. डॉक्टरांनी दिलेले असेल तर थांबवायचे की नाही, ते डॉक्टरच ठरवतील.

आणि एक काम आमच्यासाठी करा. तुमच्याकडच्या प्रत्येक किटमधल्या पुडीचा, दोन्ही बाजूंचा, फोटो काढून संपादकीय विभागाकडे पाठवा. बॅच नंबर दिसला पाहिजे, आणि खोके अजून कचऱ्यात गेले नसेल तर त्याचाही. प्रत्येक किटमधली एक पुडी न उघडता बाजूला ठेवा. साहेबांना सीलबंद नमुने हवे आहेत ना, मग ते पोत्याने नेऊन देऊ.