इसारा घेणाऱ्यालाही बंधन हवे

व्यवहार शेतजमिनीचा असो की बैलजोडीचा, तो ठरला की इसारा द्यायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. हा इसारा दोन्ही पक्षांना बांधून ठेवी. घेणारा फिरला तर तो बुडे; विकणारा फिरला तर त्याला तो मुकाट्याने परत करावा लागे. वाहनांच्या बाजाराने या रीतीचा पहिला भाग तेवढा उचलला आणि दुसरा सोयीस्करपणे टाकून दिला. खरेदीदाराने माघार घेतली की अनामत जप्त. विक्रेत्याने मात्र महिनोन्‌महिने वाहन दिले नाही तरी "वरून माल आला नाही" एवढे उत्तर पुरेसे मानले जाते.

ही प्रतीक्षा नवी नाही. परवाना पद्धतीच्या काळात स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे यादीत राहत. १९८३ साली मारुती मोटार बाजारात आली, तेव्हा नोंदणीसाठीच दहा हजार रुपये आगाऊ भरावे लागत. त्या वेळी सारा दोष टंचाईच्या माथी मारला जाई आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. १९९१ नंतर परवाने गेले, कारखाने वाढले. तरीही २०२१ साली सेमीकंडक्टरचा तुटवडा पडला आणि ग्राहक पुन्हा महिनोन्‌महिने ताटकळले. उत्पादनातील जोखीम उत्पादकाने सोसावी, हा खुल्या बाजाराचा नियम सांगितला जातो. प्रत्यक्षात ती जोखीम ग्राहकाच्या खिशातून भागवली जाते. आगाऊ घेतलेली ही रक्कम म्हणजे ग्राहकाने दिलेले बिनव्याजी, बिनतारणी आणि बिनमुदतीचे कर्जच होय.

ज्याच्या दारात एक वाहन आधीच उभे आहे, त्याला हा विलंब गैरसोयीचा वाटेल. परंतु दागिने गहाण टाकून मालवाहू टेम्पोची नोंदणी करणारा भाजीवाला किंवा रिक्षासाठी पैसे भरणारा चालक यांचा रोजगारच त्या पावतीत अडकलेला असतो. कर्जाची रक्कम विक्रेत्याकडे पोचली की व्याज चालू होते. वाहन आले नाही म्हणून ते थांबत नाही. अशा माणसाने पैसे परत मागितले की त्याला आज या, उद्या या असे सांगितले जाते, आणि प्रत्येक हेलपाट्याला त्याचा एक दिवसाचा रोज बुडतो.

कायदा या माणसाच्या बाजूने नाही असे नाही. १८७२ च्या करार कायद्यानुसार, मुदत हा कराराचा गाभा असेल आणि ती पाळली गेली नाही, तर करार रद्द करण्याचा हक्क दुसऱ्या पक्षाला मिळतो. मुदत ठरलेलीच नसेल तर वाजवी काळात करार पुरा करावा लागतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, तीही आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकीलही सक्तीचा नाही. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेले वाहन हा कायदा व्यापारी खरेदी मानत नाही, हे रिक्षावाल्याने मुद्दाम लक्षात ठेवावे. पावतीवर वाहनाचा प्रकार, किंमत व देण्याची तारीख लिहून घ्यावी. तारीख टळल्यास नोंदणी रद्द करून पैसे मागणारे पत्र विक्रेता व उत्पादक या दोघांनाही स्पीड पोस्टने पाठवावे. तोंडी आश्वासनाला पुरावा नसतो.

तथापि एवढ्यावर समाधान मानणे म्हणजे सारा भार पुन्हा दुबळ्याच्याच खांद्यावर ठेवणे होय. तक्रारीचा निकाल सामान्यतः तीन महिन्यांत लागावा, असे कायदा म्हणतो. पण तारखांच्या फेऱ्यांत ती मुदत वाहून जाते. काही हजार रुपयांसाठी कोण किती दिवस झगडेल, याचा हिशेब विक्रेत्याने आधीच केलेला असतो. कारखान्याकडूनच वाहने येत नाहीत, ही विक्रेत्याची अडचण कित्येकदा खरी असते. पण तो हिशेब त्याने कारखान्याशी करावा. पैसे ज्याने घेतले, परत करण्याची जबाबदारी त्याचीच.

घरांच्या बाबतीत हा न्याय मान्य झाला आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या कलम १८ प्रमाणे बिल्डरने वेळेत ताबा दिला नाही, तर ग्राहकाला व्याजासह पैसे परत मागता येतात. बिल्डरने लादलेल्या एकतर्फी अटी ग्राहकावर बंधनकारक नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली गुरुग्राममधील एका प्रकरणात बजावले. घराला जो न्याय, तो वाहनाला का नसावा? प्रत्येक पावतीवर वाहन देण्याची तारीख छापणे सक्तीचे करावे; ती टळताच मागणी केल्यापासून ठराविक दिवसांत सव्याज परतावा मिळावा; आणि "अनामत परत मिळणार नाही" ही ओळ विक्रेत्याच्या कसुरीला लागू होणार नाही, असे नियमातच लिहावे.

ग्राहक पंचायती आणि रिक्षाचालकांच्या संघटना यांनी ही मागणी एकत्रितपणे लावून धरली पाहिजे. एकट्याचा अर्ज टेबलावर पडून राहतो. शंभर जणांचा अर्ज उचलावा लागतो. स्वतःचेच पैसे परत मागताना कष्टकऱ्याला हात जोडावे लागतात, हे चित्र बदलायला आणखी वाट पाहण्याचे कारण नाही.